निर्जन किनारा रिकामा नसतो

आधी कबुली देतो, मग मत मांडतो. उलटं केलं तर तुम्ही म्हणाल, पत्रकार आहे, उपदेश करणारच.

मागच्या फेब्रुवारीतली गोष्ट. रविवार होता. बायको, सातवीतली लेक, मी आणि आमचा बंड्या असे पहाटे निघालो. बंड्या म्हणजे आमचा गावठी कुत्रा. चार वर्षांपूर्वी एसटी स्टँडच्या मागे पावसात कुडकुडत बसलेला सापडला, तेव्हापासून घरातलाच झालाय. त्याला समुद्र दाखवायचा, असं लेकीच्या मनात कधीपासूनचं होतं. गावाजवळचे किनारे रविवारी कसे असतात ते तुम्हाला माहीत आहे. घोडागाडी, एटीव्ही बाईक, वडापावच्या गाड्या आणि स्पीकर. म्हणून मी म्हटलं, आपण लांबच्या पुळणीवर जाऊ. तिथं कोणी नसतं.

त्या किनाऱ्याचं नाव मी सांगणार नाही. आपल्या मंडणगड-दापोली-गुहागर पट्ट्यातलाच आहे, एवढं पुरे. जुन्या मित्रांनी ओळखला तर कमेंटमध्ये नाव टाकू नका, ही विनंती. कारण पुढे येईल.

गाडी वाडीत लावली. तिथून दीड-दोन किलोमीटर पायवाट. आधी काजूची बाग, मग केतकीचं बन, मग एकदम उघडी वाळू. तीनेक किलोमीटर लांब पुळण, एका टोकाला खाडीचं मुख, दुसऱ्या टोकाला काळा कातळ. माणूस नाही, टपरी नाही, मोबाइलला रेंज नाही. ओहोटी होती. वाळूवर फक्त कुर्ल्यांनी काढलेल्या गोळ्यांची नक्षी. मी बंड्याच्या गळ्यातला पट्टा काढला.

तो पळाला ते बघण्यासारखं होतं, खोटं कशाला बोलू. शहरात किंवा आपल्या तालुक्याच्या गावातही कुत्र्याला पळायला जागा कुठे आहे? बंड्या कान मागे टाकून पाण्याच्या कडेनं सुटला. पुढे कुरव पक्ष्यांचा थवा बसला होता, दोन-तीनशे तरी असतील. बंड्या घुसल्यावर सगळा थवा एकदम उठला. लेकीनं टाळ्या वाजवल्या, मी व्हिडिओ काढला. थवा जरा पुढे जाऊन बसला, बंड्यानं पुन्हा उठवला. असं चार-पाच वेळा झालं. आम्हाला वाटलं, खेळतोय.

मग तो भरतीच्या रेषेच्या वर, मर्यादवेल पसरली आहे तिकडे गेला आणि उकरायला लागला. कुत्री उकरतातच. मी थर्मासमधला चहा ओतत होतो. वाळूवर रांगत गेल्यासारखा एक रुंद पट्टा समुद्राकडून वर आला होता आणि तसाच परत पाण्याकडे गेला होता. तो मी पाहिला होता. ट्रॅक्टरचा असेल असं मनात आलं. गेली वीस वर्षं किनारपट्टीवर बातमीदारी करणाऱ्या माणसाच्या मनात हे आलं.

तेवढ्यात कातळाच्या बाजूनं एक माणूस ओरडत धावत आला. साठीचा, हाफ पँट, हातात काठी आणि बादली. तो गावातला कासवमित्र. रोज पहाटे पुळण चालायची, रात्री वर आलेल्या मादीचा माग शोधायचा, अंडी काढून कुंपणातल्या हॅचरीत नेऊन पुरायची, हे त्याचं काम. त्या दिवशी त्यानं दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली होती. तो पोचेपर्यंत बंड्याचं तोंड पिवळं झालं होतं.

काकांनी आधी बंड्याला हाकललं. मग गुडघ्यावर बसून एकेक अंडं हातानं बाहेर काढलं. घरट्यात एकशे तेवीस अंडी होती. एकोणीस फुटली होती. उरलेली त्यांनी बादलीत वाळूच्या थरावर जशीच्या तशी ठेवली, जराही न फिरवता. मी मदत करू का विचारलं. त्यांनी वर पाहिलं आणि मला ओळखलं.

"पत्रकार ना तुमी? गेल्या महिन्यात पुळणीवर गाडी घालनाऱ्यांवर लिवलंत ते तुमीच ना?"

मी म्हटलं, हो.

"मंग कुत्रा सोडताना काय झालं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. "इथं कोणी नव्हतं म्हणून…" असं काहीतरी बोललो. काका म्हणाले, "कोनी नवतं कसं? ही होती ना," आणि बादलीकडे बोट केलं. मग जरा शांत झाल्यावर म्हणाले ते माझ्या डोक्यातून आजतागायत गेलेलं नाही. "आमच्या बापानं ही अंडी खाल्ली. मी पन ल्हानपनी खाल्ली. गावानं सोडली. ती आता तुमच्या कुत्र्याला घालू काय?"

हॅचरीपर्यंत आम्ही त्यांच्यामागून गेलो. त्यांनी खड्डा केला, अंडी पुरली, पाटी लावली आणि नोंदवही काढली. तारीख, जागा, अंड्यांची संख्या. नुकसानीच्या जागी लिहिलं, 'कुत्रे'. मी विचारलं, काका, पाळीव की मोकाट हे लिहीत नाही? ते म्हणाले, तसा रकाना नाही. म्हणजे माझ्या घरच्या, लसीकरण झालेल्या, गादीवर झोपणाऱ्या बंड्याचा गुन्हा गावातल्या मोकाट कुत्र्यांच्या खात्यावर जमा झाला. मी त्यांना पुढे 'पाळीव, पर्यटकाचा' असं लिहायला लावलं. त्या दिवशी माझ्या हातून झालेलं एवढं एकच बरं काम.

परत येताना गाडीत लेकीनं विचारलं, "बाबा, ही बातमी देणार का?"

दिली नाही. नऊ-दहा महिने झाले. आज लिहितोय, कारण हंगाम पुन्हा सुरू झालाय. आणि थर्टी फर्स्टला मुंबई-पुण्याच्या गाड्या येतील, त्यात कुत्री असतील, आणि तेही माझ्यासारखेच म्हणतील, "लांबच्या बीचवर जाऊ, तिथं कोणी नसतं."

आता जरा माहिती, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांना किनाऱ्यावर राहूनही ती नसते. मलाही पुरती नव्हती.

आपल्याकडे अंडी घालायला येतं ते ऑलिव्ह रिडले जातीचं कासव. साधारण नोव्हेंबर ते मार्च हा हंगाम. मादी बहुतेक रात्री वर येते, भरतीची रेषा ओलांडून फूट-दीड फूट खोल खड्डा करते, त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटून बुजवते आणि निघून जाते. पुन्हा वळून बघत नाही. साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं आपली आपण वर येतात. म्हणजे मार्चमधल्या घरट्यातली पिल्लं मे महिन्यात बाहेर पडतात. तेवढे दिवस ते घरटं तिथंच असतं, तुमच्या-माझ्या पायाखाली. वरून काही दिसत नाही. कुत्र्याला मात्र ताज्या घरट्याचा वास लगेच लागतो.

ही माणसाची नव्हे, समुद्राची मालमत्ता आहे हे आपल्या किनाऱ्याला कोणी शिकवलं? चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं आणि भाऊ काटदरेंनी २००२ च्या सुमारास वेळासला हे काम सुरू केलं. २००६ पासून तिथं कासव महोत्सव होतो. पुढे वन विभाग, कांदळवन प्रतिष्ठान आले, आंजर्ले, गुहागर, खाली सिंधुदुर्गापर्यंत कितीतरी गावं त्यात आली. २०२२ साली वेळासच्या किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर सॅटेलाइट ट्रान्समीटर बसवून तिचं नाव 'प्रथमा' ठेवलं, ते तुम्ही वाचलं असेल. आणि २०२५ च्या जानेवारीत गुहागरला एक मादी अंडी घालायला आली, तिच्या परावरचा बिल्ला ओडिशात २०२१ मध्ये लावलेला होता. बंगालच्या उपसागरातून अर्ध्या देशाला वळसा घालून ती आपल्या पुळणीवर आली. तिला वाटेत जाळी चुकवावी लागली, बोटी चुकवाव्या लागल्या. इथं आल्यावर तिनं आणखी काय काय चुकवायचं? माझा बंड्या?

कायदाही सांगतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या परिशिष्टात हे कासव आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. आणि त्या कायद्यात शिकार म्हणजे फक्त बंदूक नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणं, घरटं विस्कटणं हेही शिकारीच्या व्याख्येत आहे. आपण खाऊगल्लीत बसून बिबट्या मारणाऱ्याला शिव्या देतो. त्या सकाळी चहा पीत मी काय करत होतो, हे त्या व्याख्येत बसवून बघा.

पण हा विषय मला फक्त कासवापुरता ठेवायचा नाही. त्या थव्याचंही मला नंतर समजलं. हिवाळ्यात आपल्याकडे येणारे कुरव मध्य आशियातून, सायबेरियाकडून येतात. पाण्याच्या कडेनं तुरुतुरु पळणारे चिखल्यांसारखे छोटे पक्षीही बरेचसे बाहेरून येतात. ते वाळूवर बसतात ते टाइमपास म्हणून नाही. ओहोटीच्या तेवढ्या तासांत खायचं, दम खायचा आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवायची. प्रत्येक वेळी उडायला लावलं की त्यातली थोडी खर्च होते. बंड्यानं पाच वेळा उठवलं. त्याच्यानंतर दुसऱ्या कोणाचा ब्रुनो उठवणार, मग ड्रोनवाला उठवणार. व्हिडिओ मात्र आपल्याकडे छान आला. माझ्या त्या व्हिडिओला तीनशेच्या वर लाइक होते. आज सकाळी तो काढून टाकला.

मुद्दा एवढाच आहे. 'निर्जन' या शब्दानं आपली फसगत केली आहे. निर्जन म्हणजे जिथं माणूस नाही. आपण त्याचा अर्थ 'रिकामा' असा घेतो. आणि रिकामी जागा म्हटली की आपल्याला वाटतं इथं काहीही चालतं. गाडी घाला, बाटली फोडा, कुत्रा सोडा. खरं म्हणजे उलटं आहे. गजबजलेल्या किनाऱ्यावरून जे हाकललं गेलं, ते सगळं या चार-दोन पुळणींवर येऊन राहिलंय. तिथं माणूस नाही म्हणूनच ते तिथं आहे. आणि आपण नेमके माणूस नाही म्हणूनच तिथं जातो. रिसॉर्टवाले आणि रीलवाले 'अनटच्ड बीच' म्हणून लोकेशन टाकतात. टाकल्यावर तो अनटच्ड कसा राहील? म्हणून मी नाव लिहिलेलं नाही.

आता कमेंट काय येणार ते मला माहीत आहे, म्हणून इथंच उत्तर देतो.

पहिली कमेंट: "मग काय कुत्र्याला घेऊन फिरायचंच नाही का?" फिरा ना. मीही फिरतो. पण हंगामात, म्हणजे नोव्हेंबर ते मे, कासवाच्या किनाऱ्यावर कुत्रा पट्ट्यातच पाहिजे. दहा-पंधरा फुटांची दोरी घ्या, तो खूश होतो. ओल्या, कडक वाळूवरून चाला, मर्यादवेलीच्या बाजूला जाऊ नका. सूर्य बुडाल्यावर ते उजाडेपर्यंत कुत्रा नेऊच नका. ज्या किनाऱ्यावर आधीच वर्दळ आहे तिथं सकाळी लवकर न्या. आणि कुत्र्यावर खरंच प्रेम असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. रापणीच्या जाळ्यातून टाकून दिलेला केंड मासा वाळूवर पडलेला असतो. तो विषारी असतो, कुत्र्यानं खाल्ला तर जीव जाऊ शकतो. शिंगाळ्याचे काटे, तुटलेले गळ, जाळ्याचे तुकडे असतात. खारं पाणी प्यायला की उलट्या-जुलाब होतात. दुपारच्या वाळूनं पंजे भाजतात. आणि लांबच्या पुळणीवरून जनावरांचा डॉक्टर गाठायला तास-दीड तास लागतो, तोही रविवारी भेटला तर. मोकळा सोडलेला कुत्रा यातलं काय तोंडात घालतोय, हे पन्नास मीटरवरून दिसत नाही. पट्टा त्याच्यासाठीही आहे.

दुसरी कमेंट: "पाळीव कुत्र्यांना काय बोलता, मोकाट कुत्र्यांचं बघा." बरोबर आहे, आणि बघायलाच पाहिजे. पण मोकाट कुत्रा किनाऱ्यावर काय खाऊन जगतो? हॉटेलच्या मागे टाकलेलं उष्टं, पर्यटकांनी फेकलेली बिर्याणीची पाकिटं, मासळी साफ केलेली घाण. कोल्हा पूर्वीपासून कासवाची अंडी खातो. पण जंगलात खाणं कमी झालं की कोल्हेही कमी होतात. कुत्र्यांचं तसं नाही. त्यांना आपण बारा महिने पोसतो आणि अंडी ही वरची मेजवानी. पर्यटक चार दिवस बिस्किटं घालतात, फोटो काढतात आणि जातात. पाचव्या दिवशी तो कुत्रा भुकेला होऊन पुळणीवर फिरतो. त्याला दोष कसला द्यायचा?

तिसरी कमेंट: "मारून टाका." नाही. ते बेकायदा आहे, क्रूर आहे आणि त्यानं काही होतही नाही. कचरा तसाच राहिला तर रिकाम्या जागी दुसरी कुत्री येतात. २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम सांगतात की स्थानिक संस्थेनं कुत्रे पकडून नसबंदी करावी, रेबीजची लस द्यावी आणि उचलले तिथंच परत सोडावं. ठीक. पण आपल्या गावांच्या ग्रामपंचायतीकडे ना शस्त्रक्रियेची सोय, ना प्रशिक्षित माणूस, ना पैसा. महापालिकेला डोळ्यासमोर ठेवून केलेला नियम दीड हजार वस्तीच्या गावानं कसा पाळायचा? आणि नसबंदी झालेला कुत्राही त्याच पुळणीवर सोडला तर अंडी उकरणारच. पुढच्या पिढ्या कमी होतील हे खरं, पण या हंगामाचं काय? म्हणून नसबंदी पाहिजेच, पण त्याआधी कचरा, आणि जोडीला हॅचरीची कुंपणं आणि पहाटेची गस्त.

म्हणून माझ्या मागण्या सरळ आहेत. सत्ताधारी, विरोधक, दोघांनीही वाचाव्यात.

एक, कासवाच्या प्रत्येक गावानं ग्रामसभेत ठराव करावा: हंगामात किनाऱ्यावर कुत्रा पट्ट्यातच, रात्री बंदी, वाहन अजिबात नाही. आणि त्याची पाटी वाडीतल्या पार्किंगला लावावी. किनाऱ्यावर पोचल्यावर वाचून उपयोग नाही.

दोन, होमस्टे आणि हॉटेलवाल्यांनी बुकिंग घेतानाच हे सांगावं. 'पेट फ्रेंडली' अशी जाहिरात करता ना, मग पट्टा पण तुम्हीच आठवणीनं द्या. आणि उष्टं उघड्यावर टाकणं बंद करा.

तीन, जिल्हा परिषदेनं तीन-चार तालुके मिळून कुत्र्यांच्या नसबंदीचं एक फिरतं पथक उभं करावं आणि किनाऱ्यावरची गावं पावसाळ्याआधी नव्हे, हंगामाआधी घ्यावीत.

चार, कासवमित्रांचं मानधन वेळेवर द्यावं. थंडीत पहाटे चारला उठून तीन किलोमीटर वाळू तुडवणारा माणूस दुपारी मजुरीला जातो. त्याच्या जिवावर आपले महोत्सव आणि आपले फोटो.

पाच, नोंदवहीत एक रकाना वाढवा, कुत्रा पाळीव की मोकाट. खर्च शून्य. पण आपण कोणाला दोष देतोय ते तरी कळेल.

यातल्या कशालाही मंत्रालयातून हेलिकॉप्टर यावं लागत नाही. पाच पैकी दोन गोष्टी तर पुढच्या ग्रामसभेत होतील.

शेवटचं सांगतो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात काकांचा फोन आला. फोनवर एकच वाक्य, "तुमचं घरटं फुटलं, पोरीला घेऊन या." आम्ही संध्याकाळी पोचलो. अडुसष्ट पिल्लं निघाली. हाताच्या तळव्यात मावतील एवढी, काळी, ओली. काकांनी टोपली वाळूवर आडवी केली आणि ती रांगत निघाली. कोणी सरळ, कोणी भलतीकडे, पण शेवटी सगळी पाण्याकडे. यातलं हजारात एखादंच मोठं होतं असं म्हणतात. लेक मोजत होती. अडुसष्टावं पाण्यात गेल्यावर ती म्हणाली, "बाबा, एकोणीस कमी आहेत." खरं तर त्याहून जास्त कमी होती, सगळी अंडी उबत नाहीत. पण मी तिला दुरुस्त केलं नाही. एकोणीसचा हिशेब आमचा होता.

बंड्याला त्या दिवशी घरी ठेवलं होतं. आता तो समुद्रावर येतो, पण गावाजवळच्या किनाऱ्यावर, पट्ट्यात. त्याला फारसं काही वाटत नाही. वाटलं होतं ते मला.

पटलं तर शेअर करा. त्यापेक्षा, थर्टी फर्स्टला येणाऱ्या तुमच्या पाहुण्यांना नुसतं पाठवा. आणि त्यांना सांगा, लांबच्या बीचवर 'कोणी नसतं' असं समजू नका.